डब्यावरची कडूबाई

“गोळी न्हाई ओ बाई, एक बी गोळी न्हाई. किती डाव सांगू? पाला घेती ती. निस्ता झाडाचा पाला.”

“पाल्यानं साखर अडतीसवर येत नाही, मावशी. काहीतरी गोळी पोटात गेलीय. नीट आठवा.”

“आटवायचं काय त्येच्यात? जाऊ हाय मपली. एका भितीआड ऱ्हातो आमी. तिच्या घरातलं मीठ सरलं तरी मला आदी कळतं, आन ती गोळ्या खाती ते कळनार न्हाई व्हय?”

बीडच्या सरकारी दवाखान्यातल्या बायकांच्या वॉर्डात कडूबाई कमरेवर हात देऊन उभी होती. खाटेवर संगीता, तिची धाकटी जाऊ. हाताला सलाईन, कपाळभर हळदी-कुंकवाचा रेंदा. डॉक्टरीणबाई पोरसवदा दिसत होत्या, पण सहजी मागं हटणाऱ्या नव्हत्या. कालपासून त्यांनी संगीताची साखर दोनदा वर आणली होती आणि दोन्ही वेळा ती परत खाली घसरली होती.

“मग तो पाला तरी दाखवा मला.”

कडूबाईनं संगीताच्या पिशवीतून डबा काढला. हिरवा, बुटका, प्लास्टिकचा. वर लिहिलेलं, ‘डोंगरमाया चूर्ण. साखरेवर डोंगरातला उतारा.’ त्याखाली एका बाईचा फोटो. डोक्यावर पदर, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, हातात वेलीची जुडी, आणि फोटोवाल्यानं ‘हसा’ म्हटल्यावर माणूस करतं तसलं तोंड.

डॉक्टरीणबाईंनी डबा बघितला. मग समोर बघितलं. परत डबा बघितला.

“ही तुम्ही?”

“मीच,” कडूबाई म्हणाली. आणि त्या दिवसात पहिल्यांदा तिचा आवाज खाली आला.

कडूबाईचं वय अठ्ठावनच्या आसपास. नक्की किती ते तिला ठाऊक नाही, आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नाही. धारूरच्या घाटाच्या अंगाला, बालाघाटाच्या उतारावर तिची वाडी, चाळीस-पन्नास उंबऱ्यांची. सगळी धनगरं. दिवाळी झाली की निम्मी वाडी ऊसतोडीला उठते. कडूबाई कधी गेली नाही. जित्राबामागं कुणीतरी राहावंच लागतं, तर ती राहिली. नवरा बंकट पाणी भरतो, बाजार करतो, गप्पा मारतो, शेरडं तिची. चाळीस वर्षं त्याच डोंगरात फिरून तिला झाड न् झाड ओळखीचं झालंय. कशानं करडाला ढाळ लागते, कशानं दूध उतरतं, कुठल्या झुडपाला शेरडू तोंड लावत नाही आणि का लावत नाही, सगळं पाठ. पण कुणी स्वतःच्या दुखण्याला पाला मागायला आलं की ती तोडून टाकायची. “मी शेरडामागची बाई हाय, वैद्य न्हाई. शेरडाचं काय आसंल तर इचार.”

त्याच डोंगरात एक वेल आहे. शिकलेले लोक तिला गुडमार म्हणतात, तिकडं बेडकीचा पाला म्हणतात. झुडपांवर चढते, पान मऊ, जरा लवदार. दिसायला काहीच नाही. पण ते पान चांगलं चावून चोथा फेकला की अर्धा-पाऊण तास जिभेला गोड कळत नाही. गूळ माती लागतो, साखर वाळू लागते. राखणीला जाणारी पोरं पिढ्यान् पिढ्या हाच खेळ खेळत आलीत. नवखं माणूस दिसलं की त्याला पान चावायला लावायचं, वर गुळाचा खडा द्यायचा आणि त्याचं तोंड बघत बसायचं. कडूबाई नवी नवरी होऊन आली तेव्हा दिरांनी तिच्यावरही हा डाव टाकला होता. तिनं पान चावलं, गूळ खाल्ला आणि म्हणाली, “मुडद्यांनो, हे झाड मपल्या म्हायेरात बी हाय.”

त्या दिरांमधला धाकटा म्हणजे रामेश्वर, आणि त्याची बायको ही संगीता.

संगीतानं बारा हंगाम ऊस तोडला. फडात भूक मारायला चहा, आणि चहात मूठभर साखर. ती सवय तिथली. तीन वर्षांपूर्वी कंबर गेली म्हणून तिनं कोयता ठेवला आणि शिलाई मशीन घेतली. अंग बसून, चहा तोच. गेल्या साली आशाताई दीपमाला घरोघर बोटं टोचत आली तेव्हा संगीताचा आकडा जरा वर निघाला. पुढं तालुक्याला रक्त दिलं. तीन महिन्यांची साखर सहा पूर्णांक एक. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, “मधुमेह नाही. पण काठावर आहात. गोळीची गरज नाही. साखर कमी करा, रोज चाला, तीन महिन्यांनी परत या.”

आता काठावर म्हणजे काय? आजारी म्हणावं तर गोळी नाही, धडधाकट म्हणावं तर बोट टोचायला परत बोलावलंय. आणि चाला! बारा वर्षं डोक्यावर उसाच्या मोळ्या घेऊन फळीवरनं ट्रकात चढलेल्या बाईला खुर्चीतला माणूस सांगतो, चाला. सल्ला खरा होता, एक अक्षर खोटं नव्हतं त्यात, पण तो दोन मिनिटांत, मान वर न करता, पुढच्या माणसाचा कागद ओढता ओढता दिलेला. त्यातनं संगीताच्या हाती काय लागलं? भीती लागली. घरी न्यायला दुसरं काहीच नव्हतं. आणि जिथं दवाखाना माणसाला रिकाम्या हातानं लावून देतो, नेमक्या त्याच वळणावर बिभीषणासारखा माणूस टेबल मांडून बसलेला असतो.

बिभीषण पहिल्यांदा वाडीत आला त्याला दोन वर्षं झाली. पांढरी जीप, खिशाला दोन पेन. म्हणाला, कंपनीला बेडकीचा पाला पाहिजे, खरा, सावलीत वाळवलेला. कडूबाईनं आणि चार बायकांनी पंधरा दिवस डोंगर हिंडून दोन पोती पाला वाळवून दिला. जाताना त्यानं तिच्या हातात ओली जुडी दिली आणि फोटो काढला. “मावशी, वर हापिसात दाखवावा लागतो. पाला खरा आहे याची साक्ष म्हणून.” साक्ष म्हटल्यावर कडूबाई ताठ उभी राहिली.

सहा महिन्यांनी फोटो डब्यावर बसून वाडीत परत आला. वाडी हसली आणि फुगलीही. बंकट म्हणाला, “बाई, आता तुला साबनाच्या जाहिरातीत घेत्यात बग. त्वांड तेवडं धुवून ठिव.” कडूबाईनं त्याला शिव्या घातल्या, पण कुणीतरी दिलेला एक रिकामा डबा घासून-पुसून देवळीत ठेवला. बाजारात बायका अडवून विचारायच्या, “काय वं कडूबाई, खरंच तुपला पाला हाय का ह्येच्यात?”

“मग कुनाचा! मपल्या हातचा.”

असं तिनं किती जणींना सांगितलं असेल, देव जाणे. आयुष्यभर माणसाला औषध न सांगणारी बाई, एका फोटोनं जामीन राहिली. आणि डबा मात्र तिनं एकदाही उघडला नाही. तिला कुठं साखर होती?

धारूरच्या बाजारात बिभीषण टेबल मांडायचा. मागं मोठा फ्लेक्स, त्यावर पुरुषभर उंचीची कडूबाई. टेबलावर बेडकीची ताजी फांदी, साखरेची वाटी. येणाऱ्याला पान चावायला द्यायचं, वर चिमूट साखर. माणूस थुंकायचा, “आरं, ही तर वाळू!” मग बिभीषण आवाज चढवायचा, “बघितलं? जिभेवरची साखर मेली! एका पानानं! मग रक्तातली मरणार नाही?” त्यावर डबे खपायचे. डोंगरातल्या पोरांचा खेळ त्यानं बाजारात आणून औषध करून विकला. लोकही तसलेच. जीभ आणि रक्त यात काय अंतर आहे हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही, आणि त्यात शर्टाची इस्त्री न मोडणारेही होते.

संगीतानं डबा घेतला. सकाळी एक चमचा, संध्याकाळी एक. पंधरा दिवसांत उपाशीपोटीचा आकडा एकशे बारावरून ब्याऐंशीवर आला. वाडीत वाहवा झाली. फक्त दीपमालानं यंत्र दोनदा तपासलं आणि म्हणाली, “काकू, लई झपाट्यानं उतरली. एकडाव डाक्टरला दावा.”

“उतरली तरी तुमची बोंब, चढली तरी तुमची बोंब,” संगीता म्हणाली.

दुपारी मशीनवर बसलं की तिचे हात थरथरायचे, दरदरून घाम यायचा, पाटीभर भाकरी खावी अशी भूक लागायची. ती म्हणायची, पाला लागू पडलाय.

मग एकादशी आली. वाडीतल्या आठ बायका जीप करून नारायणगडाला निघाल्या, त्यात या दोघी जावा. संगीताचा उपास निर्जळी. आता ज्यांना साखरेची गोळी चालू असते त्यांना एवढं ठाऊक असतं की उपासाला गोळी घ्यायची नाही, डॉक्टरला विचारायचं. पण पाला? जीपमध्ये बसताना संगीतानं विचारलं, “आक्का, चूर्न घ्येऊ का? उपास मोडंल का?” आणि कडूबाईनं सांगितलं, “तुळशीचं पान खाल्ल्यानं मोडतो का? झाडाचा पाला त्यो. ना आन्न, ना आवशद. घे.” संगीतानं देवाचा दिवस म्हणून दीड चमचा घेतलं. पाण्यानं उपास मोडला असता, म्हणून कोरडंच.

गडावर दर्शनाची रांग. ऊन वर आलं आणि संगीता डोलायला लागली. अंग घामानं निथळलं, डोळे फिरले, ती काहीबाही बरळायला लागली. फडातल्या कुणाला तरी हाका मारत होती. रांगेतल्या एकीनं ओरडून सांगितलं, “बाईच्या आंगात आलंय!” झालं. गर्दीनं रिंगण धरलं. कुणी हळद लावली, कुणी कुंकू, कुणी पाया पडून विचारायला लागली, “आई, मपल्या लेकीला मूल कवा?” संगीता उत्तर देत नव्हती म्हणून लोक आणखी हात जोडत होते. एक बाई मेंदूला साखर नाही म्हणून जीव टाकत होती आणि चाळीस माणसं तिच्याकडं नवस बोलत होती.

कडूबाई चपला ठेवायला मागं गेली होती. ती रिंगण फोडून आत आली आणि तिनं संगीताचा हात धरला. हात बर्फ. तिला दूध न पिता पडून राहिलेलं करडू आठवलं. तेही असंच गार पडतं, मान टाकतं.

“सरका! आंगात-बिंगात काई न्हाई. पोटात काई न्हाई तिच्या. गूळ आना कुनीतरी!”

“निरजळी हाय तिची, पाप लागंल…”

“मेलेल्या बाईला उपास लागतो का, भवाने? गूळ आन!”

प्रसादाचे बत्तासे पाण्यात चुरून तिनं संगीताला उठून बसवलं, आणि दातांआड, गालाच्या आतल्या बाजूला, बोटानं थोडं थोडं चोळलं. दहा मिनिटांनी संगीतानं डोळे उघडले. जीप तशीच बीडला हाणली. कपाळावरचा रेंदा पुसायचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

तर ही अशी संगीता खाटेवर, आणि डबा डॉक्टरीणबाईंच्या हातात.

“खरा पाला असता तर?” कडूबाईनं विचारलं.

“खऱ्या पाल्यावर तपासण्या चालू आहेत, मावशी. साखर थोडीफार उतरते असं काही ठिकाणी दिसलंय. पण किती, कुणाला, किती दिवस, हे अजून पक्कं नाही. म्हणून मी तो कुणाला औषध म्हणून देणार नाही. पण जी साखर वर आणली तरी दीड दिवस परत परत पडते, ती पाल्यानं पडल्याचं मला पटत नाही. या डब्यात साखरेची गोळी कुटून घातलीय असा माझा संशय आहे. मधुमेहाच्या माणसाला देतात ती. जिला मधुमेहच नाही तिला, उपाशीपोटी.”

रामेश्वर खाटेच्या पायथ्याशी उकिडवा बसला होता. तो खाली बघूनच म्हणाला, “वयनी, तिनं तुमचं त्वांड बगून घेतलं व्हतं डब्यावर. दुसऱ्या कुनाचं आसतं तर घेतलं नसतं.”

कडूबाईच्या सासरच्या चाळीस वर्षांत कुणी तिच्यावर बोट ठेवलं नव्हतं, आणि आता घरातलाच माणूस मान खाली घालून ते ठेवत होता. मान वर करून ठेवलं असतं तर तिनं दोन हाणल्या असत्या.

तिनं डॉक्टरीणबाईंच्या हातातून डबा घेतला, चिमूटभर भुकटी जिभेवर टाकली आणि डोळे मिटून चावल्यासारखं केलं. कडू होती. कडूपणाला काय, लिंबाच्या पाल्यालाही असतो. मग संगीताच्या उशाचा ग्लुकोजचा पुडा घेऊन तिनं बोट बुडवलं आणि चाटलं. थांबली. परत भुकटी, परत ग्लुकोज. तिसऱ्यांदा.

“गोड लागतंय,” ती म्हणाली.

“ग्लुकोज गोडच असतं, मावशी.”

“आवो, गोड लागाया न्हाई पायजे! बेडकी आसती तर वाळू लागली आसती. ह्येच्यात बेडकीचं पान न्हाई. नावाला न्हाई!” आणि मग तिला दुसरी गोष्ट सुचली, जी दीड वर्ष समोर होती. “दोन पोती पाला नेला त्यानं. दोनच. त्याच्यानंतर एकडाव बी आला न्हाई. आन डबे? डबे कवाचे इकायलाय! कशाचे इकायलाय?”

डॉक्टरीणबाई खिन्न हसल्या. “तुमच्या जिभेचा रिपोर्ट मला कागदावर लावता येत नाही. डबा प्रयोगशाळेला पाठवते. वेळ लागेल.”

“तवर त्यो इकीत बसनार?”

डॉक्टरीणबाई डबा घेऊन पुढच्या खाटेकडं वळल्या. सरकारी माणसानं पुढच्या खाटेकडं वळणं म्हणजे काय, ते कडूबाईला कळतं.

बाजारच्या दिवशी तिनं शेरडं बंकटच्या हवाली केली. “कुटं निगालीस?” त्यानं विचारलं. “फोटू काडायला,” ती म्हणाली. पदरात बेडकीची जुडी, हातात ढेप फोडून घेतलेला गूळ आणि संगीताचा उरलेला दुसरा डबा.

बिभीषण टेबलावर उभा असल्यासारखा बोलत होता. कडूबाईला बघितल्यावर त्याला आधी आनंदच झाला. “या, या! लोकहो, हीच ती माउली! फोटोतली! आता तर खात्री पटली?”

लोकांनी वाट दिली. पुढं हरिबा उभा होता, घाटाखालचा म्हातारा, हातात नुकताच घेतलेला डबा. कडूबाईनं तो डबा त्याच्या हातातून काढला.

“हरिबादाजी, पान चावलंत?”

“चावलं की. साकर पार वाळू लागली. लई जालीम हाय.”

“बेस झालं. पेला भरून चूळ भरा, घटकाभर तितं सावलीला बसा, जीभ पयल्यावानी होऊ द्या. तवर मी ह्या दुसऱ्याला बगते.” तिनं शेजारच्या एका पैलवान गड्याला पुढं ओढलं. “तू पान चावलं का रं?”

“न्हाई, मावशी.”

“मंग आ कर. डब्यातलं घे. घोळव. गिळू नगंस, थूक. आता ह्यो गूळ खा. कसा लागतोय?”

गड्यानं गूळ चघळला. सगळा बाजार त्याच्या तोंडाकडं बघत होता.

“गोड हाय की!”

“गोड हाय?”

“लई गोड हाय. आजून द्या.”

लोक हसले. बिभीषण हसला नाही. कडूबाईनं गड्याच्या हातावर जुडीतलं पान ठेवलं. “आता ह्ये चाव. बारीक चाव. थूक. आता गूळ खा.”

गड्यानं तोंड वाकडं केलं. “माती!”

“आता सांग बिभीषना,” कडूबाई टेबलाकडं वळली, “ह्यो मपला पाला, आन ह्यो तुपला डबा. मपल्या पाल्यानं गूळ माती व्हतो. तुपल्या डब्यानं का व्हईना?”

बिभीषण मुरलेला होता. “मावशी, तुम्ही अडाणी. डब्यात पाला नसतो, अर्क असतो. तो जिभेला लागत नाही, सरळ रक्ताला लागतो.”

“मंग दीड साल जिबीला लावून इकलास कावून?”

आधी हरिबाच खदखदला, मग मागचे. पण कडूबाई हसायला आली नव्हती.

“मपली जाऊ मरता मरता वाचली. गडावर लोकांनी तिची देवी केली, तुपल्या डब्यापायी! डाक्टर म्हनती ह्येच्यात साखरंची गोळी कुटून घातलीया. मला तितलं कळत न्हाई, कागद यायचाय. पन पाला न्हाई ह्ये मला कळतंय. मपलं त्वांड लावून तू लोकास्नी काय खाऊ घातलंस? माती घातली आसतीस तरी बरं व्हतं, माती निदान भाईर पडती!”

“फोटोला तुम्हीच उभ्या राहिलात, मावशी. जबरदस्ती केली का कुणी?”

हा वार बरोबर लागला. कडूबाई लोकांकडं वळून म्हणाली, “राह्यले उभी. खरं हाय. तुमच्यातल्या लई जनीस्नी मी सोता सांगितलं, मपल्या हातचा पाला हाय म्हून. न चाकता सांगितलं. घरातलीला उपासाला घे म्हनून बी मीच सांगितलं. थू मपल्या जिंदगीवर. आता त्येच तोंडानं सांगते, ह्यो डबा खाऊ नगा. खाल्ला आसंल तर दवाखान्यात जाऊन सांगा.”

तेवढं बोलून ती फ्लेक्सकडं गेली, दोऱ्या विळ्यानं कापल्या आणि पुरुषभर उंचीची कडूबाई खाली ओढली. बिभीषण म्हणाला, “ती कंपनीची मालमत्ता आहे.” ती म्हणाली, “त्वांड मपलं हाय.” तिनं फ्लेक्सची घडी घालून काखेत मारली. कुणी तिला अडवलं नाही. पाच-सात जणांनी डबे टेबलावर आदळले. जीप अर्ध्या तासात निघून गेली.

इथं थांबलं तर गोष्ट छान वाटेल. पण बाजारातून परत निघताना पेन्शनीत निघालेले एक गुरुजी तिच्या मागोमाग आले आणि हळूच म्हणाले, “कडूबाई, ते चूर्ण आता कुठं मिळेल? नाही म्हणजे, माझा आकडा खरंच खाली आला होता बघा.”

कडूबाईनं त्यांना जे सांगितलं ते इथं लिहिता येत नाही.

डॉक्टरीणबाईंनी पाठवलेल्या डब्याचा कागद अजून आलेला नाही. औषधाच्या कचेरीचं म्हणणं, डब्यावर ‘आहारपूरक’ लिहिलंय, म्हणजे हे अन्न, आमच्याकडं येत नाही. अन्नाच्या कचेरीचं म्हणणं, तक्रार गोळीची आहे, म्हणजे हे औषध. डबा या टेबलावरून त्या टेबलावर काठाकाठानं फिरतोय. बिभीषण दुसऱ्या तालुक्यात बसतो असं ऐकायला येतं. तिथल्या डब्यावर आता एका म्हाताऱ्या साधूचा फोटो आहे.

संगीता चौथ्या दिवशी घरी आली. मशीन चालू आहे. महिन्यानं परत रक्त दिलं तर सहालाच, काठ काही सुटला नाही. पण कडूबाईनं चहातली साखर स्वतःच्या हातानं अर्धी केलीय, आणि रोज सकाळी भिंतीवर थाप मारून तिला उठवते.

आजही मारली. फ्लेक्स तिनं नव्या करडांच्या खुराड्यावर अंथरलाय, चेहरा खाली करून, वर दोन दगड. पाऊस आत येत नाही, तेवढा त्याचा उपयोग. खुराड्याचं दार उघडून ती दूधपित्या करडांना आत लोटत होती तेवढ्यात वाडीतली छबुबाई वाटेवर उभी राहिली.

“कडूबाई, डब्याचं जाऊ दे मेलं. मला जरा खरा पाला तरी आनून दे की डोंगरातनं. मपला बी आकडा काठावर हाय म्हन्ती दीपमाला.”

“पाला शेरडाला हाय. तू दीपमालाकडं जा, बोट टोचून घे, ती सांगंल ते कर.”

“तुला काय जातंय गं एक मूठ द्यायला?”

“मपलं जायचं ते ग्येलं एकडाव,” कडूबाई म्हणाली. काठी उचलून तिनं जिभेनं टकटक केलं. शेरडं आवाराबाहेर पडली. मागून संगीता चप्पल ओढत आली, कंबरेवर हात.

“आक्का, हळू चाला की. पाय दुकायलेत मपले.”

“दुकू दे. ती काळी बग, ती पुडं ग्येली तर हुलग्यात शिरती. वळीव तिला.”

संगीता पळाली. कडूबाईनं पदर खोचला आणि ती उतार चढायला लागली.